वाळूची दोरी

२ जानेवारी, शुक्रवार
राग : डॉक्टर इरावर.

ही वही त्यांच्यामुळेच घ्यावी लागली. बीपी मोजलं, आकडा बघून भुवया उंचावल्या आणि गोळी वाढवायची सोडून मला म्हणतात, "घरत, राग आला की तोंड उघडायचं नाही, वही उघडायची. वर तारीख टाका, खाली कोणावर राग आहे ते नाव लिहा, मग काय झालं ते. खोटं लिहू नका. कोणी वाचणार नाहीये." चाळिशी उलटलेला माणूस मी, दीपेश घरत, स्वतःचा खडीचा क्रशर, दगड फोडून केलेली वाळू धुवायचा स्वतःचा प्लांट, आणि मी शाळेतल्या पोरासारखा निबंध लिहू? वर फी पूर्ण घेतली! निशा, माझी बायको, बाहेरच्या बाकावर बसून हसत होती. खाली उतरल्या उतरल्या तिने वही घेतली, शंभर पानी. म्हणाली, "तुम्हाला दोनशे पानी लागेल, पण आधी ही भरा."

आता भरतोय.

५ जानेवारी, सोमवार
राग : मालू काकीवर.

सकाळी ऑफिसात गिऱ्हाईक बसलेलं, उलव्याचा बिल्डर, आणि ही बाई बादली घेऊन आत शिरली. बादली माझ्या टेबलावर ओतली. पांढरं, दुधासारखं पाणी. बिलं भिजली, मोबाईल भिजला, बिल्डर पँट झटकत उभा राहिला.

"तुज्या नाल्याचं पानी हाय," म्हणाली. "च्या कर त्याचा."

दुसरं कोणी असतं तर गेटबाहेर काढलं असतं. पण आई गेली तेव्हा मी पहिलीत होतो, या बाईने वाढवलं मला. काका गेल्यावर एकटीच राहते. सगळ्या गावाने जमिनी दिल्या, कोणी बिल्डरला, कोणी सरकारला. माझ्या बापाने दिली म्हणून तर हा क्रशर उभा राहिला. हिने मात्र खाजणातलं, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतलं तळं धरून ठेवलं. त्यात जिताडे, आमच्या खाडीचे मोठे मासे, पाळते, त्यावरच जगते. माहेर चिरनेरचं, जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला ते. तिकडच्या बाया सरकारला भ्यायल्या नाहीत, ही मला काय भिणार!

तिचं म्हणणं असं. माझा नाला खाडीला मिळतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तळ्याची उघाडी, म्हणजे बांधातला लाकडी दरवाजा, वर उचलला की खाडीचं ताजं पाणी तळ्यात येतं. दोन उधाणं तिने नाल्याचा रंग बघून उघाडी बंद ठेवली. आता तळ्याचं पाणी जुनं झालंय, मासे दमायला लागलेत. "या अवसंला मना उघाडी उघडायलाच पायजे. तवर तुजं पानी साफ कर. नायतर तुजा क्रशर आनि मी, दोघांतलं एक राहील."

मी ओरडलो. ती ऐकून घेऊन म्हणाली, "सुंब जलला तरी पील जात नाय तुजा. बापावर गेलास." आणि रिकामी बादली घेऊन गेली.

त्यात सरकारी खात्याची नोटीस आलीच आहे. नाला पांढरा दिसला तर प्लांटला सील. सगळ्यांना मीच सापडतो.

६ जानेवारी, मंगळवार
राग : इंजिनियर बाईवर.

नाओमी चेऊलकर. जुन्या पनवेलच्या, बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू. याच कामात वीस वर्षं काढलीत म्हणे. आल्या, चहा नको म्हणाल्या, थेट भोवऱ्यापाशी गेल्या.

भोवरा आम्ही म्हणतो. बिलात हायड्रोसायक्लोन लिहिलेलं असतं. लोखंडाचं मोठं नरसाळं उभं केलंय असं समजा. वाळू धुतलेलं गढूळ पाणी बाजूने जोरात आत शिरतं, गरागरा फिरतं. जड वाळू भिंतीला लागून खाली घसरते आणि खालच्या चोचीतून बाहेर पडते. हलकं पाणी मधल्या नळीतून वर चढून हौदात जातं आणि हौदातून नाल्यात. आत फिरणारा एक पार्ट नाही. पाणीच फिरतं, पाणीच काम करतं. मला ते मशीन आवडतं. आपल्यासारखंच, डोकं गरगरलं की माल बाहेर!

बाईंनी चोचीखाली हात धरला. "दोरी पडतेय," म्हणाल्या.

मी खूश. दोरी हा माझा अभिमान आहे. चोचीतून वाळू कशी, जाड दोरीसारखी, पीळ घातल्यासारखी सरळ खाली उतरते. पाण्याचा थेंब उडत नाही. ढीग सुका. गिऱ्हाईक बघतं आणि गाडी लावतं. पनवेलपासून उरणपर्यंत असा सुका माल कोणाचा नाही.

"दोरी म्हणजे आजार आहे, घरतशेठ. छत्री पडली पाहिजे. चोचीतून माल छत्रीसारखा पसरून पडला पाहिजे."

मी म्हटलं, छत्री उघडली की पाणी उडणार, माल ओला होणार. त्यावर बाई काय म्हणतात? "लग्नाच्या हॉलला दरवाजा एकच आणि छोटा असला आणि सगळी माणसं एकदम निघाली तर काय होतं? दरवाजात गर्दी. मागचे खिडकीतून उड्या मारतात. तुमची दोरी म्हणजे दरवाजातली गर्दी. बाकीची वाळू वरच्या नळीतून उड्या मारते. ती हौदात, हौद भरला की नाल्यात."

गणू फिटर मान हलवत होता. त्याच्याकडे बघितलं तेव्हा थांबला.

मग बाईंनी माझ्या भोवऱ्याचे वाभाडेच काढले. पाणी आत आणणारा पाइप सरळ भिंतीवर आदळतो, तिथेच खळखळाट होऊन फिरणं मोडतं. ते तोंड वळणदार करायचं, पाणी भिंतीला चाटत आत गेलं पाहिजे. मधली नळी आखूड आहे, आत शिरलेलं पाणी न फिरताच तिच्यातून पळतं. ती खाली उतरवायची. आणि चोच मोठी. तीन पार्ट. बाकीच्या भोवऱ्याला हात नाही, पंपाला हात नाही.

"अमावास्येच्या आधी होईल?" मी काकीच्या उघाडीचं सांगून विचारलं.

"होईल. पण शनिवारी मी काम करत नाही. शुक्रवारी दिवस मावळल्यापासून शनिवारी दिवस मावळेपर्यंत फोनसुद्धा नाही."

माझा प्लांट सील व्हायची वेळ आणि यांना सुट्टी! नाकाने कांदे सोलतात नुसते.

१० जानेवारी, शनिवार
राग : नाओमी बाईंवर, मग त्यांच्या आईवर.

तळोज्याहून वळणदार तोंड काल संध्याकाळी आलं. आज सकाळपासून गणू हात चोळत बसलाय, कारण नटबोल्टची भोकं कशी जुळवायची ते बाईंनाच ठाऊक. फोन केला. बंद. परत केला. बंद. गाडी काढली आणि जुन्या पनवेलला त्यांच्या घरी गेलो.

दार त्यांच्या आईने उघडलं. पांढरं पातळ, हातात काठी. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "आज शब्बाथ आहे. या, बसा, केळं घ्या. कामाचं बोलायचं नाही." मी बसलो. काय करणार? नाओमी बाई समोर खुर्चीत बसून माझ्याकडे बघून नुसत्या हसल्या. आई म्हणाल्या, "घरत म्हणजे कुठले?" गाव सांगितलं. "अगबाई, तिथे माझ्या आजेसासऱ्यांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी बंद. आम्हाला शनवार तेलीच म्हणायचे ना तुमची माणसं. घाण्याच्या बैलालाही सुट्टी असायची."

बैलालाही सुट्टी, मलाच तेवढी नाही.

गप्प बसून केळं खाल्लं, पाणी प्यालो, उठलो. गाडीत बसल्यावर लक्षात आलं की डोकं दुखायचं थांबलंय. त्याचाही राग आला.

घरी रोडपालीला येऊन निशाला सांगितलं, तर म्हणते, "कधी नव्हे तो गप्प बसलात. दर शनिवारी पाठवते तुम्हाला तिकडे."

१३ जानेवारी, मंगळवार
राग : लिहायला बसलो तेव्हा कोणावर नव्हता.

तिन्ही पार्ट बसले. बाईंनी वॉल्व्ह स्वतः उघडला, हळूहळू. आधी नुसतं पाणी, मग गढूळ पाणी. आवाज बदलला. आधी भोवरा खडखडायचा, आता घुमतो, देवळातल्या घंटेचा आवाज उरतो ना, तसा. चोचीतून माल पडला तो सगळीकडे सारखा पसरून. छत्री! गणूने शिट्टी मारली.

हौदावर गेलो. तळाची वीट दिसत होती. माझ्याच हौदाची वीट मी पहिल्यांदा बघितली. नाल्यातही तेच, दगड दिसत होते. दोन बगळे उतरले होते.

बाई हसल्या नाहीत, पण चहा घेतला. म्हणाल्या, "आता एकच सांगते. चोचीला हात लावू नका. माल ओला वाटेल, दोन दिवस उतारावर पडू दे, निथळेल. पण चोच हीच."

मी हो म्हटलं.

संध्याकाळी ढीग बघितला. पसरला होता, खालून पाणी वाहत होतं. गाडीचा ड्रायव्हर म्हणतो, "शेट, वाळू देताय का भेळ?" सगळे हसले. हे लिहिताना आता त्याचा राग येतोय. शहाणा साला.

१४ जानेवारी, बुधवार
राग : संक्रांत आहे म्हणून नाही लिहीत.

निशा म्हणाली, आजचा दिवस तरी गोड बोला. काकीकडे तिळगूळ घेऊन गेलो. तळ्यावरच होती. बांधावर उकिडवी बसून पाण्यावर तळहात थापटत होती, थप थप थप. त्याबरोबर तिचा म्हातारा वर आला. म्हातारा म्हणजे तिचा सगळ्यात मोठा जिताडा. शेपटीचा एक कोपरा कुरतडलेला, काका होते तेव्हापासून तळ्यात आहे. तिच्या बोटांना तोंड लावून गेला. माणसांपेक्षा याच्याशी जास्त बोलते.

मी छाती काढून सांगितलं, "काकी, नाला जाऊन बघ. दगड दिसतायत."

"बघून आलू," ती म्हणाली. "बगलं पन बघितलं. तुज्या हाताला कवातरी यश येईल बोललू होतू ना मी." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला, सगळ्या बांधावरच्या चिखलासकट. "मंग अवसंला उघडू?"

"बिनधास्त उघड. माझी जबाबदारी."

"तोंडानं बोलतंस का पोटातून?"

"पोटातून."

मग साहेबांचं काढलं. नोटीसवाल्या साहेबांना एक जिताडा पोचवला तर बरं होईल. आपल्याकडे जिताड्याने जी कामं होतात ती वकिलाने होत नाहीत. काकी म्हणाली, "ने की. म्हातारा सोडून कनचा पन ने. अवस होऊ दे, ताजं पानी पिऊन जरा तरतरीत होऊ दे त्यांना."

तिळगूळ तिने म्हाताऱ्यालाही टाकला. त्याने खाल्ला नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार
राग : उलव्याच्या बिल्डरवर, ड्रायव्हरवर, बाईंवर. ओळीने.

बिल्डरने दोन गाड्या परत पाठवल्या. "घरत, मी वाळूचे पैसे देतो, पाण्याचे नाही." शेजारच्या क्रशरवाल्याने लगेच त्याला आपल्याकडे बोलावलंय, टपून बसलेलाच होता. बारा वर्षं जपलेलं गिऱ्हाईक! बिल्डर उद्या दुपारी येतो म्हणाला, माल सुका असला तर बोलू, नाही तर रामराम.

बाईंना बोलावलं. म्हटलं, एक दिवसापुरती जुनी चोच लावू.

"नाही."

"एक दिवस."

"एक दिवस नाही, एक तासही नाही. तोंड बदललंय, आता आधीपेक्षा जास्त वाळू भिंतीला लागून खाली येते. जुन्या चोचीतून ती मावणारच नाही. आधीपेक्षा वाईट होईल. ढिगाखाली उतार करा, नाही तर पाणी गाळायची जाळी लावू, मी सोमवारी बघते."

सोमवारी! गिऱ्हाईक उद्या येणार आणि ही सोमवारी बघणार. मी आवाज चढवला. बाईंनी घड्याळ बघितलं, आभाळाकडे बघितलं, बॅग उचलली. "मी निघते. चोच बदलणार नाही असं सांगा मला."

"बरं," म्हटलं. बरं म्हणजे हो नव्हे. बरं म्हणजे बरं.

१७ जानेवारी, शनिवार
राग : कोणावर नाही! डॉक्टर इरा, वाचा.

सकाळी गणूला म्हटलं, जुनी चोच काढ भंगारातून. तो म्हणतो, "शेट, मॅडम हात लावू नका बोलल्या." म्हटलं, "पगार मॅडम देते का तुला?" लावली त्याने, तोंड पाडून.

पंप चालू केला आणि दोरी! अशी दोरी मी जन्मात बघितली नव्हती. आधीची सुतळी म्हणायची. मनगटाएवढी, घट्ट, काळीभोर, सरळ. बाईंचं वळणदार तोंड खरंच कामाचं आहे, नाही कोण म्हणतंय? तोंड त्यांचं, चोच आपली. इंजिनियरला धंदा कळत नाही, धंदेवाल्याला इंजिनियरिंग कळतं.

बिल्डर दुपारी आला. मूठभर वाळू उचलून दाबली, सोडली. पाण्याचा थेंब गळला नाही. म्हणाला, "हां, ही घरतची वाळू." गाड्या लागल्या. दिवसभर थांबवला नाही प्लांट, मागचा तोटा भरून काढायचा होता. शिफ्ट लांबवली.

मधे गणू हौदाचं काहीतरी सांगायला आला होता. गिऱ्हाईकासमोर कशाला? म्हटलं, सोमवारी सांग. नाल्यावर गेलो नाही, बूट नवे होते.

बीपी घरच्या मशीनवर मोजलं. नॉर्मल.

१८ जानेवारी, रविवार, अमावास्या
राग : मालू काकीवर.

रविवारी तरी माणसाला जेवू द्यावं की नाही? मटणाचा पहिला घास तोंडात आणि हिचा फोन. "दीपू, भरती आयली. पानी जरा दुधाल दिसतंय रं. उघडू का?"

"दुधाळ कसं असेल? तूच बघून आलीस ना, दगड दिसत होते."

"ते बुधवारी. आज तसं दिसत नाय."

"उधाणाला गाळ वर येतोच, काकी. खाडी आहे ती, बिसलेरी नाही."

फोनवर मागे पाण्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, "तसं नाय. तू बघून ये ना एकदा. तवर थांबतू."

आता सांगा! रोडपालीहून तिथे जाऊन बघू, ओला होऊ, जेवण गार करू. मी म्हटलं, "सांगितलं ना साफ आहे! किती वेळा विचारशील? विश्वास नाही तर नको उघडूस. मग मासे मेले की माझ्या नावाने बोंब मारू नकोस."

"बरं," म्हणाली.

निशाने ताटावरून बघितलं. "बघून आला असतात तर काय झालं असतं?" तिच्यावरही चिडलो. डॉक्टर, वहीत दोन नावं चालतात का?

१९ जानेवारी, सोमवार
राग : नाओमी चेऊलकर. पूर्ण नाव लिहितो.

माझ्या प्लांटवर येऊन माझा पंप बंद केला. मला न विचारता! सगळे कामगार बघत होते.

"शनिवारी मी घरी असते म्हणून तुम्ही शनिवार निवडलात."

"शनिवारी गिऱ्हाईक होतं म्हणून निवडला."

"हौद बघितलात?"

नव्हता बघितला. मग बघितला. काठोकाठ खीर भरल्यासारखा, आणि वरून नाल्यात पडत होता. कुठली वीट आणि कुठलं काय. बाईंनी गणूला विचारलं, कधीपासून? गणू म्हणाला, "शनिवारी दुपारपासून. शेटना सांगायला गेलो होतो." चोराच्या उलट्या बोंबा! आधीच जोर लावून सांगितलं असतं तर?

मी म्हटलं, ठीक आहे, हौद उपसू, नाला धुऊ, नोटीसवाल्याला समजावू. एवढा काय तमाशा? माझा प्लांट, माझी चोच, माझी वाळू.

बाई नाल्याकडे बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "काल अमावास्या होती. तुमच्या काकींनी उघाडी उघडली?"

"हो. मीच सांगितलं."

त्या तिथल्या पायरीवर खाली बसल्या. नेसूच्या साडीची, चिखलाची पर्वा न करता. मला कळेना. आत्तापर्यंत भांडत होती बाई, आणि आता नुसती बसली. मी म्हटलं, पाणी हवं का? मान हलवून नाही म्हणाल्या. मग उठून स्वतः पाना घेतला आणि माझी चोच काढायला लागल्या. गणूने मदत केली. मला कोणी विचारलं नाही.

२० जानेवारी, मंगळवार
राग : सगळ्यांवर. विमानांवर, कंटेनरवाल्यांवर, थंडीवर, समुद्रावर.

गावातून फोन आला म्हणून गेलो. तळ्यावर सगळे जिताडे वर आलेत, तोंडं पाण्याबाहेर काढून हवा गिळतात. काही आडवे पडलेत. पाणी पांढरट. काकी कमरेएवढ्या पाण्यात उभी, दोन्ही हातांनी पाणी ढवळत होती, कालपासून म्हणे. गावातल्या दोन बाया बांधावरून बादल्यांनी पाणी उंचावरून ओतत होत्या, हवा मिसळावी म्हणून.

मी म्हटलं, पोर्टातून काहीतरी सोडलं असेल. डोक्यावरून विमानं जातात आता, त्यांचं तेल पडत असेल. थंडी पडलीय, थंडीनेही मासा दमतो. एका बाईने माझ्या हातात बादली दिली. मी ओतायला लागलो. बादलीतून पाणी पडत होतं ते माझ्या हौदातल्यासारखंच दिसत होतं, पण खाडीत शंभर क्रशरचं पाणी येतं, एकट्या माझं कशावरून?

शेवटी राहवलं नाही, ओरडलो. "दुधाळ दिसत होतं तर उघडलंस कशाला, काकी?"

ती ढवळायची थांबली नाही. मान वर करून म्हणाली, "तू बोललास."

शिव्या घालेल वाटलं होतं. नाही घातल्या. घातल्या असत्या तर मीही दोन घातल्या असत्या, आणि मोकळा झालो असतो.

२२ जानेवारी, गुरुवार
राग :

दुपारी गावचा रिक्षावाला रोडपालीला टोपली ठेवून गेला. वर ओलं गोणपाट, खाली बर्फ. "मालू काकीनं पाठवलंय. बोलली, दीपूला साहेबासाठी जिताडा पायजे होता."

निशा खूश झाली. म्हणाली, बघा, एवढं होऊनही काकींनी शब्द पाळला. गोणपाट काढलं. केवढा मोठा! टोपलीत मावत नव्हता, वाकवून ठेवला होता. निशाने सवयीने, बाजारात बघतात तसा, ताजा आहे का बघायला कल्ला उघडला.

आत लाल नव्हतं. राखाडी होतं. पापुद्र्या-पापुद्र्यांत लिंपल्यासारखं.

तिने बोट घातलं, चोळून बघितलं. "खरखरतंय काहीतरी."

मी हात पुढे केला. दोन बोटांत घेतलं, दाबलं, सोडलं. मूठभर वाळू घेऊन गिऱ्हाईक बघतं तसं. मला कोणी लॅबचा रिपोर्ट द्यायची गरज नाही. माझ्या डोंगराचा काळा दगड, माझ्या क्रशरच्या जबड्यात फुटलेला, माझ्या पाण्याने धुतलेला. शंभर क्रशरच्या ढिगांत मी माझी वाळू ओळखतो.

मग शेपटी बघितली. एक कोपरा कुरतडलेला होता.

निशा विचारत होती, साहेबांना आजच पोचवायचा का? "हा नाही," एवढंच म्हटलं मी. "तिने सांगितलं होतं, हा सोडून." निशाला काही कळेना. मी मोठ्याने रडलो. रोडपालीच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ, वाळू लागलेल्या बोटांनी डोळे पुसत.

१ फेब्रुवारी, रविवार, पौर्णिमा
राग : काय लिहू इथे?

दहा दिवस वही उघडली नाही. प्लांट बंद ठेवून हौद उपसला. ढिगाखाली उतार केला, बाईंनी सांगितलेली जाळी लावली, मोठी चोच बसवून मगच पंप चालू केला. बिल्डर गेला शेजाऱ्याकडे. जाऊ दे. बाई येतात, काम करतात, माझ्याशी कामापुरतं बोलतात. काल शनिवार होता, मी प्लांट बंद ठेवला. कोणी सांगितलं नव्हतं. गणूने विचारलं, शेट, आज काय? म्हटलं, बैलाला सुट्टी. तो हसला, मला हसू आलं नाही.

शुक्रवारपर्यंत सलग छत्री पडत होती. आज सकाळी भरतीच्या आधी मी नाल्यात उतरलो, चांगल्या बुटांसकट. बादली भरली. तळाला पडलेला गवताचा देठ दिसत होता. ती बादली घेऊन गाडी न काढता बांधाबांधाने चालत काकीकडे गेलो. अर्धी सांडली.

काकी बांधावर बसली होती. नुसती. हात मांडीवर. तळ्यावर एक तरंग नव्हता.

मी बादली तिच्यापुढे ठेवली. म्हटलं, "काकी, बघ. ओत माझ्या डोक्यावर पाहिजे तर."

तिने ओंजळ भरली, नाकाशी नेली, बोटांतून गळू दिली. मग उरलेल्या पाण्याने स्वतःचं तोंड धुतलं आणि पदराने पुसलं. "साफ हाय," म्हणाली. खरंच म्हणाली, टोमणा नव्हता.

खाडीत भरती चढत होती. उघाडीच्या फळीला बाहेरून पाणी लागलं होतं, चांगलं, निवळ. फळी उचलायचा दोर तिच्या हाताजवळच होता. मी म्हटलं, "मग उघड ना. आज पुनव आहे. यावेळी मी बघून आलोय, काकी. स्वतः उतरून बघून आलोय."

तिने माझ्याकडे बघितलं. राग नव्हता डोळ्यांत, शोधला मी.

"उघडतू," म्हणाली. "पन कोनासाठी रं?"

मी तिच्या शेजारी बसलो. ओहोटी लागेपर्यंत दोघं तिथेच होतो, मग मी बादली घेऊन परत आलो.